चौदा किलो

— नाही नाही, खुर्ची तिथेच राहू द्या, तिथून दोन्ही वजनकाटे दिसतात. व्यायामाच्या बाई कमरेचा पट्टा आणायला गेल्यात, तोवर बसू बोलत. नवीन ना तुम्ही? कळतं हो — नवा माणूस आधी स्वतःच्या रिकाम्या पायाकडे बघतो, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. मीही तेच केलं. माझा डावा, गुडघ्याच्या वरून गेला. बुटातला खिळा चार दिवस टोचत होता आणि मला पत्ताच नाही! साखरेच्या आजारात पावलांना कळत नाही म्हणे. पावलांचं सोडा, मला तरी कुठे काय कळतं?

आता हा खेळ बघा. या दोन दांड्यांच्या मधे उभं राहायचं, एकेका काट्यावर एकेक पाय. निम्मं वजन खऱ्या पायावर, निम्मं नकलीवर. सोपं वाटतं ना? अहो, मन धजतच नाही! अनोळखी माणसाच्या हाती दुकानाची किल्ली द्यावी तसं वाटतं. मग सगळा भार खऱ्यावर टाकायचा आणि नकली पाय बाजूने फिरवत न्यायचा — फाटक उघडल्यासारखा. मी निघालो की व्हरांड्यातली माणसं भिंतीला चिकटायची.

आणि मी कोण? धान्याचा दुकानदार. तीस वर्षं तराजूपाशी बसलेलो. काटा मारायचो का? — तुम्ही विचारलं नाहीत, पण तोंडावर दिसतंय. थोडासा. करंगळीचा. सगळेच मारतात — नाही, सगळे नाही मारत. बायको नाही मारत. मी इथे भरती झाल्यापासून दुकान तीच बघते, तर मला भेटायला आलेलं गिऱ्हाईक मलाच सांगतं, "वहिनींचं माप कसं भरून असतं!" माझ्या तोंडावर! गर्दी वाढली म्हणे. म्हटलं, लवकर घर गाठायला हवं, नाहीतर आपल्याला विचारतो कोण.

मग काय — जित्याची खोड. बाई फक्त दोन्ही आकडे सारखे आहेत का ते बघायच्या. मी उजवा हात दांडीवर नुसता टेकवल्यासारखा ठेवायचा आणि हळूच दाबायचा. इकडे अठ्ठावीस, तिकडे अठ्ठावीस. "काका, किती छान!" — मुलीच्या वयाची पोर, टाळ्या वाजवल्या तिने. माझं वजन सत्तर. भरतंय छप्पन्न. मधले चौदा किलो गेले कुठे, हे कुणी विचारलंच नाही. मला ठाऊक होतं ना — दांडीवर होते.

मिळाली सुट्टी. घरी पोचलो. बायको म्हणाली, हात धरा. म्हटलं, हट्, काठीसुद्धा नको. उंबरठ्यावर नकली गुडघा मुडपला — आणि घरी दांडी कुठली? त्या चौदा किलोंना कुठेतरी पडायचंच होतं. ती सावरायला पुढे आली, मी सगळाच्या सगळा तिच्या मनगटावर. मोडल्याचा आवाज आला हो. हसा की, हसायचीच गोष्ट आहे — पाय माझा आणि प्लास्टर तिला! सगळं कबूल केलं मी तिच्यापाशी. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकाला काटा मारत होतात तेव्हा मी गप्प बसले, तिथेच चुकलं माझं." आता रोज मला पुन्हा इथे आणून सोडते आणि बाहेर बाकावर बसते. आत येत नाही. मला फार लाज वाटते, खरं सांगतो.

— आल्या बाई. या, बांधा पट्टा, धरा मागून. आज दांडी नाही, हात वर. आणि आकडा तुम्ही वाचू नका, तुम्हाला माझी दया येते. हे पाहुणे वाचतील. मला खाली बघता येत नाही, तोल जातो. — उचलले हात! दोन्ही! वाचा लवकर, लटपटतोय. खऱ्यावर किती? सेहेचाळीस. आणि नकलीवर? — नीट बघा. चोवीस? फक्त चोवीस?

तीन महिने घाम गाळून चोवीस. बरं... थांबा. सेहेचाळीस नि चोवीस — सत्तर. भरले हो! पुरे सत्तर भरले!

बाई, सोडू नका इतक्यात. आणि तुम्ही — चाकं आहेत ना खुर्चीला? मग माझ्याकडे काय बघत बसलात? दारापाशी जा. बाकावर ती असेल, हात गळ्यात बांधलेली. आकडा सांगा. मी नको, तुम्हीच सांगा, माझ्या आकड्यावर ती विश्वास ठेवायची नाही. जा हो — हात फार वेळ वर राहत नाहीत.