आठ नंबरचा शर्ट

— नाही नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय निखळलाय, बाकावर बस. वाचला मी तुझा कागद. दोनदा वाचला. अक्षर झकास आहे — कुणाकडून लिहून घेतलंस? स्वतः? बरं. पण गोरक्ष, अक्षर चांगलं असलं म्हणून काही उपयोग नाही रे, बाबा. 'देवराम मास्तरांना मी मारले, जयरामने मारले नाही, त्याची शिक्षा मला द्यावी.' अशी शिक्षा अदलाबदलीने मिळते होय? जिल्हा फुटबॉल संघटना आहे ही, भांड्यांचं दुकान नाही, जुनं द्या नि नवं न्या. निर्णय झाला, पत्र गेलं, पेपरात छापून आलं — जयराम, आठ नंबर, पंचांवर हात उचलल्याबद्दल दोन वर्षं बंदी आणि एकावन्न रुपये दंड. दंड तुमच्या मंडळाने भरलासुद्धा. फाईल बंद. आता तू तीन आठवड्यांनी जिना चढून येतोस नि म्हणतोस, मी. चहा घेणार? खालच्या सायकलवाल्याला हाक मारली की पाठवतो तो. नको? मलाही नको. सकाळपासून चार झाले, झोपेचं खोबरं झालंय आधीच.

मोतीरामचा ना तू? झेंडूवाल्या मोतीरामचा? तरीच. तुझा बाप असाच — हारांचा भाव एकदा सांगितला की गिऱ्हाईकाने कितीही घासाघीस करो, गप्प. नुसता बघत राहणार. तूही तसाच बघतोयस. बघ. मला काही होत नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढलीत मी, माझ्यासमोर माणसं रडून गेली, शिव्या देऊन गेली, एकाने तर टेबलावर नारळ फोडला होता. मी कागद बघतो. माणूस बघत बसलं तर कामं होत नाहीत. या संघटनेत मी आलो तेव्हा काय होतं इथे? मारामारी झाली की दोन्हीकडची म्हातारी माणसं द्वारका चौकातल्या हॉटेलात बसायची, भजी खायची, आणि ज्याचा मामा मोठा तो निर्दोष. नियम नव्हताच. नियमावली मी लिहिली. तेवीस नियम, एकटाकी, रात्री जेवणं झाल्यावर बसून. आज त्र्याऐंशी साल आहे, पंधरा वर्षं झाली, आणि मनमाडपासून घोटीपर्यंत कुठल्याही मैदानावर जा, पोरं म्हणतात, नानांच्या नियमात बसत नाही. हसू नकोस. हसला नाहीस? मला वाटलं हसलास.

आता ऐक नीट, म्हणजे तुझं समाधान होईल. पंचांचा रिपोर्ट हा शेवटचा शब्द. देवराम मास्तरांनी काय लिहिलं? 'आठ नंबरच्या खेळाडूने माझ्या कानाखाली मारली, माझा चष्मा पडला.' बस. आठ नंबर. तुमच्या मंडळाने सामन्याआधी दिलेल्या यादीत आठ नंबरसमोर नाव कुणाचं? जयरामचं. मग मी आणखी काय करायचं? कुंडली मांडायची? मास्तर शाळेत पीटी शिकवतात, खोटं लिहिणारा माणूस नव्हे. नजर अधू आहे, ते खरं. त्यांचं ते लाल कार्डसुद्धा पुतणीच्या लग्नपत्रिकेचं आहे, कोपऱ्यात गणपती अजून दिसतो — गंमत सोड. चष्मा पडल्यावर तोंड दिसलं नसेल, पण पाठीवरचा एवढा मोठा आकडा दिसला. आणि तू पंचावन्नाव्या मिनिटाला आत आलास, शर्ट घामाने ओला होता, अंगाला चिकटला होता, त्यामुळे आकडा तर —

काय?

काय बघतोस? पंचावन्न? तू लिहिलं नाहीस होय कागदात? नुसतं 'उत्तरार्धात' लिहिलंयस. हं. अरे, मी होतो तिथे. टेबलावर मीच होतो ना, निरीक्षक म्हणून. घड्याळ माझ्याच समोर होतं. म्हणून मिनिट लक्षात आहे, त्यात एवढं काय? हा पंखा बघ कसा फिरतो, नुसता आवाज, वारा नाही. उठतो जरा, खिडकी उघडतो. रिक्षांचा धूर येतो, पण चालेल.

हो, बघितलं मी. झालं समाधान? बघितलं. जयरामच्या घोट्यावर बसली, तो लंगडत गोलच्या मागे गेला, शर्ट काढला, तुला दिला. तुम्हा सगळ्या मंडळांची तीच बोंब — अकरा शर्ट, बाराव्याला अंगावर घालायला काही नाही, मग बाहेर जाणाऱ्याने उघड्या अंगाने बसायचं आणि आत येणाऱ्याने त्याचाच ओला शर्ट घालायचा. मी किती वेळा सांगितलं, दोन शर्ट जास्तीचे शिवा, पाठीवर बारा-तेरा घाला. सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी नियम केला — अकरा शर्ट तर अकरा शर्ट, पण बदली खेळाडू आत पाठवताना टेबलावर चिठ्ठी द्यायची. कोण बाहेर, कोण आत, मिनिट, कप्तानाची सही. चिठ्ठी रिपोर्टाला टाचायची, म्हणजे आठ नंबर कुणाच्या अंगावर होता त्याचा घोळ नाही. आणि चिठ्ठीशिवाय बदली केली तर सामना गमावला. साधं आहे की नाही? गेल्या वर्षी घोटीच्या पोरांची चिठ्ठी दहा मिनिटं उशिरा आली, मी त्यांचा जिंकलेला सामना काढून घेतला. यष्टीने परत जाताना रडत गेली पोरं. वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.

तुमचा कप्तान वाळू आला होता, दुसऱ्याच दिवशी. नाना, आठ नंबर बदलला होता, चिठ्ठी दिली होती. मी म्हटलं, कुठंय? माझ्याकडे नाही. रिपोर्टाला नाही. चिठ्ठी नाही म्हणजे तुमचा सामना गेला आणि अंतिम सामनाही गेला, बोल, बदली झाली होती का? तो उभा राहिला इथेच, तू बसलायस त्याच्या शेजारी. मग म्हणाला, नाही झाली. जयराम स्वतः आला, आई बरोबर होती — भिमाबाई. तिने आत पाऊल टाकलं नाही, जिन्यावरच बसली. त्याला वाळूने काय सांगून आणलं होतं कुणास ठाऊक, तो एकच बोलला, 'मी बाहेर होतो, चिठ्ठी शोधा.' मी म्हटलं, पुरावा? तो म्हणाला, 'तुम्हीच टेबलावर होता की, नाना.' तुझं नाव त्याने घेतलं नाही. मी विचारलंसुद्धा, मग तुझा शर्ट कुणाच्या अंगात होता? तो जिन्यावरच्या आईकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला कळलं होतं तू का मारलीस ते.

मला ऐकू आलं नाही असं समजू नकोस. जयराम लंगडत चालला होता, तेव्हा मास्तर म्हणाले, 'यांच्या वस्तीत असली सोंगं जन्मापासून शिकवतात.' आणखीही एक शब्द म्हणाले, तो मी उच्चारणार नाही. तू तेव्हा शर्टाच्या बाह्यांत हात घालत होतास. आणि वीस मिनिटांनी गोल नाकारला, ते निमित्त झालं, खरा राग तो आधीचा. मला कळत नाही? पण ते रिपोर्टात नाही. रिपोर्टात नाही ते घडलं नाही, असंच धरावं लागतं. नाहीतर प्रत्येक सामन्याला माणसं कोर्टात उभी करावी लागतील. मास्तरांना मी नंतर बाजूला घेऊन बोललो होतो. खरंच बोललो. म्हणजे — बोलणार होतो.

आता तू म्हणशील, चिठ्ठी गेली कुठे. म्हण ना. नुसता तो कागद पुढे सरकवतोस. दिली होती वाळूने. हो! दिली होती. मारामारी झाली, लोक मैदानात आले, मी टेबलावरचे कागद गोळा केले आणि ती पँटच्या खिशात घातली. शपथेवर सांगतो, वाळूशी बोललो तेव्हा मला आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी बायकोने धुण्याआधी खिसे झाडले, आणि जेवताना ताटाशेजारी ठेवली. 'आठ नंबर बाहेर, जयराम. आत, गोरक्ष. मिनिट पंचावन्न.' खाली वाळूची वेडीवाकडी सही. मी घास ताटात परत ठेवला. तोवर आदेश गेला होता, पेपरात आलं होतं. काय करायचं? लिहायचं, की नानांनी कागद हरवला? तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक कागद गहाळ झाला नाही, साहेबलोक बदलून जाताना सांगायचे, आवक यांच्याकडेच ठेवा. घोटीच्या पोरांना काय तोंड दाखवायचं? त्यांचा कप्तान रस्त्यात भेटला तरी अजून मान फिरवतो. म्हटलं, दोन वर्षं काय, बघता बघता जातील. जयरामचं वय एकवीस. खेळेल की नंतर.

तेव्हा मला रेल्वेचं माहीत नव्हतं.

ते परवा कळलं. मनमाडला निवड चाचणी आहे उद्या सकाळी, रेल्वेच्या नोकरीत खेळाडूंच्या जागा, दोनच. आणि फॉर्मला संघटनेचा दाखला लागतो — शिस्तभंगाची कारवाई चालू नाही म्हणून. तो इथे आला होता दाखला मागायला. मी म्हटलं, कसा देऊ? तो म्हणाला, बरं. एवढंच. बरं म्हणाला आणि खाली उतरला. आणि मी खिडकीतून बघितलं, तर सायकलच्या दुकानासमोर उभा राहून तो फॉर्मची घडी घालत होता, परत उलगडत होता, परत घालत होता. बायको रोज सकाळी विचारायची, चिठ्ठी नेताय का? मी म्हणायचो, उद्या. ती आता विचारत नाही, नुसती भाकरी आपटते तव्यावर.

पण तुझ्या या कागदाने काय होणार, सांग मला. तुलाही दोन वर्षं. चिठ्ठी रिपोर्टाला नाही, म्हणून रविवारचा अंतिम सामना जाईल. मंडळाची पोरं तुला वाळीत टाकतील. तुझा बाप — काय? चालेल? चालेल म्हणजे? अरे, चालेल म्हणायला काय जातं, एकोणीस वर्षांचा आहेस, तुला वाटतं खरं बोललं की सगळे पाठ थोपटतात. कुणी थोपटत नाही. मी सांगतो. मास्तर म्हणतील, दोघांनी मिळून कट केला. वाळू म्हणेल, घरभेदी. आणि मी — माझं काय, मी मानद चिटणीस, राजीनामा देईन, घरी बसेन, भाज्या निवडेन. तेव्हा हा कागद घे आणि जा, मी वाचलाच नाही असं समजतो, तूही आला नाहीस असं समज, जयरामचं मी बघतो पुढच्या मोसमात, माफीचा अर्ज करायला सांग त्याला, कमिटीत मी शब्द टाकीन, आता अर्ज कसा लिहायचा ते —

हे काय झालं.

हे मी केलं? आत्ता? बोलता बोलता? तू बघितलंस ना — शिक्का माझ्या हातात कधी आला? कागद समोर सरकला की हात जातो रे आपोआप, तीस वर्षं — आवक, तारीख, आणि कार्बनप्रतीवरसुद्धा. ती खाली कशाला लावली होतीस? तुला कुणी सांगितलं कार्बन लावायला? दे. ती प्रत इकडे दे. गोरक्ष, ऐक, शिक्का बसलेला कागद म्हणजे दाखल झालेला कागद, आणि दाखल झाला की नियम अठरा लागतो, तुला माहीत नाही, कमिटीपुढे जाईपर्यंत शिक्षेला आपोआप स्थगिती, म्हणजे आज संध्याकाळपासून जयरामवर कारवाई नाही, म्हणजे दाखला — मीच लिहिलाय तो नियम, अडाणी पोरं दुष्ट कप्तानांच्या हातात सापडू नयेत म्हणून लिहिला होता. दे म्हणतो ना. उठू नकोस. बस खाली. अरे जिना खराब आहे, पळू नकोस —

परत का आलास?

काय दाखवतोस? सही? शिक्क्याखाली सही नाही... सहीशिवाय पोच धरत नाहीत. बरोबर आहे. नियम एकोणीस. तुझे पाठ आहेत काय सगळे? पाठ आहेत! बघा. पंधरा वर्षांत कमिटीतल्या एकाने वाचले नाहीत, आणि या झेंडूवाल्याच्या पोराला पाठ. तू सही न घेता गेला असतास तर मी उद्या म्हणू शकलो असतो, शिक्का कुणी मारला मला माहीत नाही. म्हणालो असतो मी. माझी खात्री आहे, म्हणालो असतो. कळतंय तुला? आणि तरी तू कागद माझ्याच पुढे धरतोस.

पेन कुठंय. तुझ्या कोपराखाली. सरक.

वेळ लिहितो, नाहीतर मास्तर म्हणतील मागाहून घुसडला. चार वाजून दहा. सही. आणि जयरामला सांग, साडेपाचपर्यंत फॉर्म घेऊन ये, सहाला मी कुलूप लावतो, सहाच्या पुढे एक मिनिट थांबणार नाही, नियम सगळ्यांना सारखा. काय उभा आहेस? आभार-बिभार मानू नकोस, तुझ्यावर कारवाई होणार आहे, पंचांवर हात उचललायस तू. चालता हो इथून.