पिवळ्या कार्डावरचे तीन महिने

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर तर त्याहून वाईट, ओळ सुरू होते एकीकडे आणि संपते भलतीकडे, ऱ्हस्व कुठे दीर्घ कुठे ते मला अजून कळत नाही, तर कोणाच्या हाती ही वही लागली तर रागावू नका. चौथी शिकलेली बाई, तिच्याकडून काय होणार, असं मी पूर्वी लगेच म्हणून टाकायची. आता म्हणत नाही. काहून म्हणत नाही, तेच लिहायला बसली आहे.

माझं माहेर सौंसरकडचं. वडील दुसऱ्यांच्या बागेत संत्री तोडायला जायचे, आई पेट्या भरायला. गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीला नदीपलीकडे जावं लागायचं आणि घरी लहान भाऊ सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून माझी शाळा तिथंच संपली. मला रडू आलं असं काही नाही, मला तेव्हा भाऊच शाळेपेक्षा बरा वाटायचा. मग लग्न झालं आणि जबलपूरला आली. सासरे तिथल्या सरकारी फॅक्टरीत हेल्पर होते, पण यांना फॅक्टरीत लागता आलं नाही, तर हे एका उस्तादाच्या हाताखाली गाड्यांचं काम शिकले आणि पुढे शहरातल्याच घमापुरात यांनी आपलं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक शटर, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. मोठं काम नाही, तेल बदलणं, फिल्टर, ब्रेक, असं. मुलं शाळेत जायला लागली तशी मी दुकानात बसायला लागली. मला माणसांशी बोलायला लाज वाटते, अजूनही वाटते, पण गल्ल्यावर बसून पैसे घ्यायचे आणि कार्ड लिहायचं, त्यात बोलावं लागत नाही.

कार्डाचं सांगते. इंजिनचं तेल बदललं की एका पिवळ्या कार्डावर तारीख लिहायची, गाडी किती किलोमीटर चालली ते लिहायचं आणि खाली पुढच्या वेळी कधी यायचं ते, मग ते कार्ड दोऱ्याने स्टेअरिंगखाली बांधायचं. आमचं ठरलेलं होतं, तीन महिने नाहीतर तीन हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. यांना उस्तादाने असंच शिकवलं होतं आणि मला यांनी. मी कधी विचारलं नाही. ग्राहक कधी म्हणायचा, भैया, अभी तो बदलवाया था, तर हे तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचे, पांढऱ्या फडक्यावर पुसायचे आणि दाखवायचे, देखो, कितना काला हो गया. काळं पाहून माणूस घाबरतोच. मीही घाबरायची.

आमच्याकडे मोघे बाई यायच्या. गढा भागात एकट्या राहायच्या आणि सदर भागातल्या एका शाळेत हिंदी शिकवायच्या. लहानशी पांढरी गाडी, सांभाळून चालवायच्या. वाटेत किती दुकानं पडतात, पण त्या गाडी वळवून घमापुरात आमच्याकडेच यायच्या, काहून तर पहिल्या दिवशी त्यांनी मला यांच्याशी मराठीत बोलताना ऐकलं. म्हणाल्या, अगं, तुम्ही आपले आहात होय, मग मला आता दुसरीकडे जायची गरज नाही, मशीनमधलं मला काही कळत नाही, तुम्ही सांगाल तसं. काय सांगू तुम्हाला, हे वाक्य मला नंतर फार टोचलं. तुम्ही सांगाल तसं.

तेल खाली गळायला वेळ लागतो, तेवढा वेळ बाई बाकावर बसायच्या. त्यांना रिकामं बसवत नसे. मला विचारलं, किती शिकली आहेस शकुन? मी मान खाली घालून सांगितलं. म्हणाल्या, वाचता येतं ना? मग वाच काहीतरी मला, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याने रस्ता दिसतो पण बारीक अक्षर दिसत नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्या आल्या की मी त्यांना वाचून दाखवायची. कधी पेपर, कधी त्यांच्या पिशवीतलं पुस्तक. अडली की त्या थांबायच्या, हसायच्या नाहीत. मला वाटायचं, तेल अजून थोडा वेळ गळत राहावं.

एकदा पेपर नव्हता, पिशवीही घरी राहिली होती. बाई म्हणाल्या, थांब, गाडीच्या खणात गाडीसोबत मिळालेलं पुस्तक पडलं आहे हिंदीतलं, तेच वाच, नाहीतरी मी ते कधी उघडलं नाही. मी वाचायला लागली. टायरमधली हवा, पाणी, बॅटरी. मग पान उलटलं आणि तिथे चौकटीत लिहिलं होतं, इंजन ऑयल, दस हज़ार किलोमीटर या एक साल, जो पहले हो. खाली लहान अक्षरात होतं की गाडी फार धुळीत चालत असेल किंवा टॅक्सी असेल तर त्याहून लवकर. मी मनातल्या मनात दोनदा वाचलं. एक साल. समोर हे गाडीखाली आडवे पडले होते, त्यांचे पाय मला दिसून राहिले होते.

बाई म्हणाल्या, काय झालं, थांबलीस काहून?

मी म्हटलं, बाई, हे मला नाही वाचता येत. कठीण आहे. मी चौथीच शिकलेली.

बाई म्हणाल्या, राहू दे, ते छापणारे मुद्दाम असं लिहितात, तुझा काही दोष नाही, सोड ते पान. आणि मी ते पान सोडून पुढचं वाचलं, दिवे आणि वायपर, अगदी न अडता. मग पंधराशे रुपये घेतले आणि पिवळ्या कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली.

दुपारी पोळी खाताना मी यांना विचारलं, अहो, बाईंच्या गाडीच्या पुस्तकात तर एक साल लिहिलं आहे. यांचा घास थांबला. म्हणाले, माहीत आहे मला. मी म्हटलं, मग काहून सांगत नाही? ते म्हणाले, उस्तादाच्या काळात गाड्या वेगळ्या होत्या, तेल वेगळं होतं, तेव्हा तीन हजारच बरोबर होतं. आता तेल जास्त टिकतं. पण सालभरात एकदाच येईल तर शटरचं भाडं कोण देईल, तू? मी म्हटलं, आणि ते काळं झालेलं? ते हसले. म्हणाले, अगं, भांडी घासलेलं पाणी काळं होत नाही का? तेल काळं झालं म्हणजे काम करून राहिलं आहे, चार दिवसांत होतं काळं. आणि मला म्हणाले, तू तो बहुत पढ़-लिख गई.

यांना वाईट समजू नका. एका स्कूल व्हॅनवाल्याने दोन वर्षं तेलच बदललं नव्हतं, खाली उघडलं तर हलव्यासारखं निघालं, इंजिन जाम. त्याचं काम यांनी अर्ध्या मजुरीत केलं होतं. ऑटोवाले दिवसभर धुळीत, गर्दीत चालतात, त्यांना लवकर बदला म्हणणं बरोबरच आहे. पण बाई कुठे चालतात, गढ्याहून सदर आणि सदरहून गढा, आणि रविवारी गाडी झाकलेली. त्यांचे सालभरात सहा हजार किलोमीटरही होत नव्हते. ते मला माहीत होतं, कार्डावरचे आकडे मीच लिहायची ना.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या एक दोनशे पानी वही घेऊन. मला म्हणाल्या, त्या दिवशी तू अडलीस ना, म्हणून तुझ्यासाठी जोडाक्षरं लिहून आणली आहेत. मोठी मोठी अक्षरं, ओळी वाकड्या झालेल्या, एका डोळ्याने लिहिलेलं. क्ष, ज्ञ, त्र, श्र, आणि समोर शब्द. मी जे वाचता येत नाही म्हटलं त्यात कठीण जोडाक्षर एकही नव्हतं. मी वही छातीशी धरून उभी राहिली. आणि त्या दिवशीही पंधराशे घेतले. त्याच्या पुढच्या वेळीही.

मग बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या आल्या त्या नवा चष्मा लावून, खुशीत. यांना म्हणाल्या, गजाननराव, आज तुमच्या दुकानाची पाटी मी पहिल्यांदा नीट वाचली, मात्रा चुकली आहे तुमची. हे हसले. मला म्हणाल्या, आज मी वाचते, तू ऐक. आणि पिशवी सोबत असूनही त्यांनी गाडीच्या खणातलं ते पुस्तकच काढलं. म्हणाल्या, त्या दिवशी आपलं एक पान राहिलं होतं बघ.

मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं, एक एक शब्द. इंजन ऑयल. दस हज़ार किलोमीटर. या एक साल. मग त्या थांबल्या. पुढचं लहान अक्षरातलंही वाचलं, पण मनात. हे पाना हातात घेऊन उभेच राहिले. बाईंनी पुस्तक मिटलं, चष्मा पुसला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, गजाननराव, आज फक्त हवा बघा. आणि शकुन, कार्ड नवं लिही.

मी लिहिलं. मागचं तेल बदललं त्या तारखेपासून एक साल. बाईंनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाल्या, अक्षर सुधारलं तुझं. मग गाडी सुरू करून गेल्या.

महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. मी साड्यांना फॉल-पिको करते, चार घरची कामं येतात, ते पैसे माझे असतात. मी यांना म्हटलं, बाईंचे पैसे परत करायचे. हे चिडले, म्हणाले, सारा बाजार असंच करतो, आपण काही वेगळे नाही. मग दोन दिवसांनी म्हणाले, बरं, तुला कळल्यानंतर तीनदा घेतले ना, त्या तीनदाचे दे, आधी तर तुलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, मला नव्हतं, तुम्हाला होतं, आणि घर तर एकच आहे.

बाई आमच्याकडे तीन वर्षं आल्या, सालाला चारदा, म्हणजे बारा वेळा. त्यातले तीनदा लागणारच होते. राहिले नऊ. नवांचे साडेतेरा हजार. माझ्याकडे एक हजार होते, ते घेऊन मी एकटी ऑटोने गढ्याला गेली. बाईंनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, मला वाचता येत होतं, मी खोटं बोलली. बाई म्हणाल्या, माहीत आहे, पुढचं पान तू एकदाही न अडता वाचलं होतंस. मी विचारलं, मग तेव्हाच काहून नाही बोललात? त्या म्हणाल्या, मला वाटलं, त्या पानावर तुला लाज वाटेल असं काही असेल, बायकांचं काहीतरी, म्हणून मी तुझं खरं मानल्यासारखं केलं, जोडाक्षरंही लिहून आणली. गाडीच्या पुस्तकात तसलं काय असणार, असा विचारच केला नाही. आणि त्या हसल्या, पण डोळे पुसून हसल्या.

पैसे घेत नव्हत्या. मी म्हटलं, नाही घेतले तर मी तुमची वही वापरू शकणार नाही. तेव्हा घेतले. टेबलावर त्यांचं पुस्तक उघडं होतं आणि त्यात खूण म्हणून माझंच जुनं पिवळं कार्ड ठेवलेलं, माझ्या वाकड्या अक्षरात तीन महिने लिहिलेलं. मी नजर वळवली.

मग दर महिन्याला एक हजार. कधी फॉल कमी आले तर रात्रीच्या जेवणात भाजी एकच केली, पण हजार सोडले नाहीत. दोन वेळा हेच माझ्या हातात पाचशे ठेवून गेले. आणि दुकानात आता नवा ग्राहक आला की हे आधी विचारतात, गाड़ी रोज कितनी चलती है? सगळ्यांना विचारतात असं नाही म्हणणार, खोटं पुरे झालं. पण ते विसरले तर मी विचारते, मान खाली घालून का होईना, आणि उत्तर ऐकल्याशिवाय कार्ड लिहीत नाही.

हे लिहून राहिली ती बाईंनी दिलेलीच वही आहे, मागच्या कोऱ्या पानांवर. काल चौदावी खेप होती. पाचशेची एकच नोट होती. दर वेळी बाई पैसे न मोजताच टेबलाच्या खणात ठेवायच्या आणि मला तेही लागायचं, माझ्यावर अजून विश्वास ठेवतात म्हणून. काल मी म्हटलं, बाई, आज मोजा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा लावला, ती एक नोट हातात धरली आणि मोजली. एक, म्हणाल्या. साडेतेरा हजार पूर्ण झाले, शकुन.