जिन्यात अडकलेलं कपाट

(नायगाव पूर्वेचा एक टॉवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिना. पायऱ्यांवर लोखंडी कपाट आडवं घातलंय, दारं वरच्या बाजूला. खालच्या टोकाला जूचंद्रचे शत्रुघ्न पाटील, वरच्या टोकाला त्यांचा जावई जितेंद्र. मुलगी रोशनी वर, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.)

शत्रुघ्न : सोडू नको.

जितेंद्र : मी सोडत नाहीये. तुम्ही सोडू नका.

शत्रुघ्न : मी सोडला त माज्याच छातीवर येल. मी कशाला सोडू?

जितेंद्र : तसं नाही. अहो, ऐका ना, तुम्ही आत्ता ढकलताय की नुसतं धरलंय?

शत्रुघ्न : धरलाय. आनि ‘अहो ऐका ना’ काय? वरीस झाला लगनाला, सासऱ्याला हाक काय मारायची ते ठरला नाय अजून? बायको नवऱ्याला बोलते तसा बोलतो.

जितेंद्र : तुम्ही वर्षभर बोललाच नाहीत. हाक मारायची वेळ कुठे आली?

शत्रुघ्न : आता पन बोलत नाय. मी कपाटाला बोलतंय.

जितेंद्र : मग कपाटाला सांगा, घाबरू नकोस म्हणून. ते पायऱ्यांच्या कडांवर टेकलंय, तिथं घर्षण आहे. घर्षण आपणहून काही करत नाही. आपण जेवढा जोर लावू तेवढंच ते अडवतं. एका मर्यादेपर्यंत.

शत्रुघ्न : आमच्या घरात पन हाय तसा एक. रोशनीची आई.

जितेंद्र : आणि आपण त्या मर्यादेच्या आत आहोत. मी काल हिशेब केलाय. रिकाम्या कपाटाचं वजन, जिन्याचा चढ, पायऱ्यांची फरशी. दोन माणसं पुरेत.

शत्रुघ्न : म्हनून टेंपोवाली पोरां तू गेटावरून परत पाठवली.

जितेंद्र : हो. लिफ्टमधे ते चार बोटांनी अडलं हे नंतर कळलं.

शत्रुघ्न : मी पन गेटपत्तरच येनार होतो. लोखंड टाकनार, रिक्षा धरनार, जानार. तुज्या घरात पाय ठेवनार नाय बोललो म्हंजे नाय. जिना कोनाचा?

जितेंद्र : सोसायटीचा.

शत्रुघ्न : मंग ठीक हाय.

जितेंद्र : हललं. तुम्ही ढकललंत का आत्ता?

शत्रुघ्न : मी श्वास घेतला.

रोशनी : अजून इथंच तुम्ही? बाबा, मी चहा ठेवलाय वर.

शत्रुघ्न : मी चाय पिनार नाय.

रोशनी : वॉचमनसाठी ठेवलाय. टाकी भरली की मोटर बंद करून येतो म्हणाला धरायला, पण त्याला वेळ आहे. जितू, तुझ्या पायात काय आहे?

जितेंद्र : मोजे. सकाळी ऑनलाइन लेक्चर होतं.

रोशनी : माणिकपूरच्या क्लासमधे पोरांना घर्षण शिकवतोस आणि गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कपाट धरतोस?

जितेंद्र : मोजे हिशेबात धरले नव्हते.

शत्रुघ्न : लगनाचा पन असाच हिशेब केला याने. रजिस्टरवर सही, दोन हार, पेढ्याचा एक बॉक्स. झाला लगीन. जूचंद्रात मी कोनाची हलद सोडली नाय, रोशनी. लोकांच्या पोरींच्या हलदीला मटन वाढला, पहाटेपत्तर नाचलो. माजे पोरीची येल तवा अख्खा गाव जेवनार, असा सगल्यांना बोलून बसलेलो. आता कोन बोलवायला आला का सांगतो, मी शेतावर चाललोय.

जितेंद्र : तुमचं शेत तर...

शत्रुघ्न : इकला. तिकरं पन टॉवर हाय. माहीत हाय सगल्यांना. तरी कोन काय बोलत नाय मला.

रोशनी : बाबा, हट्ट एकट्या जितूचा नव्हता. माझाही होता. मला हळद नको होती, हे खरं. पण तुम्ही यायला हवे होतात. मी त्या ऑफिसच्या दारात तुमची वाट बघत उभी होते. आमच्या मागच्यांचा नंबर आला तरी उभी होते.

शत्रुघ्न : कपाट धर तू पन जरा.

रोशनी : धरलं.

जितेंद्र : थांबा. आत काहीतरी गडगडलं.

शत्रुघ्न : काय नाय गडगडला.

जितेंद्र : गडगडलं. आणि वजन सगळं खाली आलं, माझ्या हाताला हलकं लागतंय. कपाट रिकामं आहे ना?

शत्रुघ्न : लेकीला रिकामा कपाट देतो का कोन?

जितेंद्र : मी काल विचारलं होतं, आत काही आहे का म्हणून.

शत्रुघ्न : तू रोशनीला विचारला, रोशनीनं आईला विचारला, तिनं माज्याकडे बघितला. मी ओटीवर बसून मोठ्यानं बोललेलो, नुसता लोखंड टाकून येतो. मंग भरलाय कसा बोलू? तिनं पन माजा मान राखला, रिकामा हाय बोलली.

रोशनी : काय भरलंय आत?

शत्रुघ्न : मी तिकरं बघत नव्हतो. तोंड फिरवून बसलेलो. आईला फोन लाव.

रोशनी : हॅलो, आई, कपाटात काय काय घातलंस? ... हं. ... हं. किती तांदूळ? ... सुकट नव्या कपाटात कशाला, साड्यांना वास लागेल. ... पाटा? दगडी पाटा? ... आणि वरवंटाही. ... अगं आहे मिक्सर. ... हो, चव वेगळी लागते, मान्य. बरं, ठेवते, बाबा कपाटाखाली आहेत. ... नाही, अजून जेवले नाहीत.

जितेंद्र : वरवंटा गोल असतो.

शत्रुघ्न : मास्तर, येवडा मला पन माहीत हाय.

जितेंद्र : म्हणजे तो सरकत नाही, लोळतो. लोळणाऱ्या वस्तूला अडवायला फार कमी घर्षण असतं. कपाट कललं की तो तिकडे जाणार. आत्ता तो तुमच्या बाजूला आहे.

शत्रुघ्न : माज्या छातीला तुज्या आदी समजला ते.

जितेंद्र : तुम्ही थकलात का? खरं सांगा. मला भीती वाटतेय.

शत्रुघ्न : हात भरलाय. पन धरीन. तू हिशेब बंद कर आनि काय करायचा ते सांग.

जितेंद्र : दार उघडून सामान काढायचं. वजन कमी झालं की आपण दोघं चढवू. चावी कुठाय?

शत्रुघ्न : माज्या खिशात.

रोशनी : कपाटावरून वर सरकवा. एकच हात सोडा.

शत्रुघ्न : घे. ... परत आली.

रोशनी : जोरात.

शत्रुघ्न : घे. ... परत आली.

जितेंद्र : रंग नवा आहे, चढही जास्त आहे. चावीला धरून ठेवायला पत्र्यावर काहीच...

रोशनी : बाबा, रुमालात गुंडाळा. कपडा घसरत नाही तेवढा.

शत्रुघ्न : घे.

रोशनी : मिळाली. जितू, बाजूला हो, दार उघडते. हे तांदूळ, वर नेऊन ठेवते. ... पापड. लोणचं. सुकट, बाई गं, काय वास. पाटा उचलताना सांभाळायला हवं. ... आला. हा वरवंटा. आणि ही कसली पिशवी तळाला? जड आहे. जितू, सरक, ही खालून फाटलीये, सरक म्हणते ना!

जितेंद्र : नाकात गेलं. काय आहे हे?

शत्रुघ्न : काय आला खाली? डोल्यात गेला माज्या.

रोशनी : हळद. आईनं घरी कुटलेली. वरवंट्यानं पिशवी फोडली.

जितेंद्र : कोरडी पूड ठरावीक उतारापर्यंतच ढिगात राहते. जिना त्याहून उभा आहे, म्हणून ती थेट खाली...

रोशनी : गप्प बस आणि कपाटाच्या आरशात बघ स्वतःला.

जितेंद्र : अरे बापरे.

शत्रुघ्न : केवडी पडली त्याच्यावर?

रोशनी : डोक्यावर, गालांवर, कानांत. शर्ट तर धुऊनही उपयोग नाही. तुमच्यावर?

शत्रुघ्न : हातांवर. पायांवर लई. चप्पल दिसत नाय.

रोशनी : बाबा, रडताय की हसताय?

शत्रुघ्न : सांगितला ना, डोल्यात गेली.

जितेंद्र : बाबा.

शत्रुघ्न : काय बोलला?

जितेंद्र : बाबा म्हटलं. गावात सांगा, माझ्या जावयाला हळद लागली.

शत्रुघ्न : मटनाबिगर हलद होत नाय आमच्यात.

रोशनी : सुकट आहे.

शत्रुघ्न : सुकटीवर जेवतो का गाव? याड लागला तुला. चल रे जितू, धर. आता ढकलतंय मी. आधी मोजे काढ.

जितेंद्र : काढले. एक, दोन... आलं. आलं बघा. एकदा हललं की घर्षण कमी होतं, फक्त मधे थांबायचं नाही.

शत्रुघ्न : मंग बोलायला तरी कशाला थांबतो? ओढ.

रोशनी : डावीकडे घ्या, कठडा आहे. अजून थोडं. बस, आलं दारात. मी आतून चटई बाजूला करते.

शत्रुघ्न : अर्धा गेला आत. झाला माजा काम. ऱ्हायलेला तू ओढ.

जितेंद्र : मला नाही ओढता येणार एकट्याला.

शत्रुघ्न : रिकामा हाय. लादी गुलगुलीत हाय. चढ पन नाय. तुजा हिशेब काय बोलतो?

जितेंद्र : हिशेब म्हणतो, एक माणूस पुरे.

शत्रुघ्न : मंग?

जितेंद्र : माझ्याच्यानं होत नाही, बाबा.

शत्रुघ्न : जोर लावून बघ.

जितेंद्र : लावला.

शत्रुघ्न : हात त लावला नाय अजून कपाटाला.

जितेंद्र : नाही होणार. आतून तुम्हीच ओढायला हवं.

शत्रुघ्न : रोशनी, माजे पाय पिवले हायत गं. तुजी लादी खराब होल.

रोशनी : या तसेच. आज पुसत नाही मी.