आईच्या बाजूचं चाक

बाळ्या : अगं ताई, किंचाळू नकोस! थांबलीय ना गाडी? कडेला घेतलीय ना मी? टायर फुटलाय, आभाळ नाही कोसळलं.

ताई : स्टिअरिंग कसं हिसके देत होतं तुझ्या हातात! बाबा, लागलं नाही ना कुठे? बाबा?

बाबा : सकाळीच सांगत होतो, थांबा म्हणून. ती बसली नव्हती अजून. तिचं दार उघडंच राहिलं. पण माझं कोणी ऐकेल तर शपथ!

बाळ्या : झालं सुरू. बाबा, आईला जाऊन दोन वर्षं झाली. आणि चारही दारं बंद आहेत. समोर तो दाराचा लाल दिवा पेटलाय ना, तो बिघडलाय. निघाल्यापासून तसाच आहे.

ताई : काल नव्हता रे पेटत.

बाळ्या : काल नव्हता, आज पेटला. तू आता भुताखेतांच्या गोष्टी सुरू करू नकोस. उतर खाली. मागचं डावीकडचं गेलंय बघ. पार चिंध्या झाल्यात.

बाबा : तिच्याच बाजूचं.

ताई : बाळ्या, किती शांत आहे रे इथे. भरदुपारी हायवेवर एक गाडी नाही? मघाशी तर ट्रकच्या मागे ट्रक होते.

बाळ्या : बरंय की. कोणी अंगावर येणार नाही. तू एक मोठा दगड बघ, पुढच्या चाकाला लाव. मी स्टेपनी काढतो.

ताई : थांब! डिकी नको उघडूस. म्हणजे... बॅग आहे ना वर.

बाळ्या : हळू बोल. बॅग काढल्याशिवाय स्टेपनी कशी निघेल? तू बाबांना गाडीतच बसवून ठेव. काहीतरी बोलत बस त्यांच्याशी.

ताई : ते कधीच उतरले. तुझ्या मागे उभे आहेत.

बाबा : ही माझी बॅग ना?

बाळ्या : हो. म्हणजे असू दे बरोबर, म्हणून घेतली.

बाबा : डोळे दाखवायला निघालोय ना आपण? त्याला सगळे सदरे कशाला लागतात? स्वेटर, दाढीचं सामान... आणि हा काय? हिचा फोटो? भिंतीवरून फोटो काढलात तुम्ही तिचा?

ताई : बाबा, मी सांगते तुम्हाला. बसा जरा. इथे बॅगेवरच बसा.

बाबा : तरीच. तरीच ती सकाळपासून दारात उभी होती. मी म्हणतोय बस, बस, तर बसेचना. नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ताई : माझ्या अंगावर काटा आला बघ.

बाळ्या : काटा नंतर काढ. आधी पाना दे.

ताई : तुला काहीच होत नाही का रे?

बाळ्या : होतं. पण हात थांबवून होऊ दिलं तर संध्याकाळ इथेच होईल. जॅक फिरव. अजून. बास. हं, निघालं चाक. स्टेपनी ढकल इकडे.

बाबा : बाळ्या, आपापला नट आपापल्या हाताने हं. जो गाडीत बसणार, त्याने स्वतःचा नट स्वतः आवळायचा.

बाळ्या : हो बाबा. चार नट, चार माणसं. पाच वर्षांचा होतो तेव्हा पान्याला लोंबकळायचो मी, विसरेन कसा?

ताई : आणि आईच्या हातात जोर नाही, म्हणून ती चप्पल काढून पान्यावर उभी राहायची. बाबांचा खांदा धरून. रस्त्यावरून जाणारे हसायचे.

बाबा : हसू देत. तिचा नट कधी ढिला निघाला नाही.

बाळ्या : घे ताई, तुझा लाव. हा माझा. जॅक उतरवला बघ, आता आवळ. छान. उरलेले दोन मी लावतो, चाकाच्या झाकणात ठेवलेत. पण आधी जरा बोनेटपाशी ये. त्यांच्यासमोर नको.

ताई : बोल.

बाळ्या : तुझं तोंड का उतरलंय? काय ठरलं होतं आपलं? वृद्धाश्रमात पोचायचं, त्यांना खोली दाखवायची, फोटो लावायचा आणि निघायचं. रडारड करायची नाही.

ताई : त्यांना कळलंय रे सगळं.

बाळ्या : उद्या विसरतील. गेल्या आठवड्यात गॅस चालू ठेवून बागेत जाऊन बसले. तेही विसरले. मी नाही विसरलो. रात्री बाहेरच्या दाराला कुलूप लावून किल्ली उशाखाली घेऊन झोपतो मी. बायको दोन शब्द धड बोलत नाही माझ्याशी. तू महिन्यातून एकदा येणार, लाडू भरवल्यासारखं गोड बोलणार आणि जाणार.

ताई : टोमणे मार. मारच. खरंय ते.

बाबा : चप्पल काढ आधी. सरकशील.

ताई : कोणाशी बोलताहेत?

बाळ्या : स्वतःशी. रोजचंच आहे. ताई, मला त्यांना टाकायचं नाहीये गं. बाप आहे माझा. पण मी दमलोय, खरंच दमलोय.

बाबा : धर खांदा. हां, दे जोर. अजून एकदा. झालं.

ताई : बाळ्या, चल त्यांच्यापाशी. त्यांना असं एकटं बोलताना बघवत नाही.

बाळ्या : चल. बाबा, उठा आता, दोन नट लावतो की निघालो. अरे, झाकण रिकामं?

बाबा : माझा माझ्या मुठीत आहे.

बाळ्या : द्या इकडे.

बाबा : देत नाही. जो पुढे जाणार, त्याने आवळायचा. मी पुढे येत नाही. मी इथेच बसतो, हिच्या फोटोजवळ. तुम्ही जा.

बाळ्या : अहो, असं काय लहान मुलासारखं? बरं, दुसरा कुठाय? ताई, दुसरा तू लावलास?

ताई : मी माझाच लावला.

बाळ्या : मीही माझाच लावला.

ताई : मग चाकावर तीन कसे?

बाळ्या : बाबांनी लावला असणार.

ताई : बाबांना सदऱ्याचं बटण लावता येत नाही, बाळ्या. आज सकाळी मीच लावलं.

बाळ्या : नुसता अडकवला असेल. थांब, बघतो. नाही. हलत नाहीये. सगळा भार टाकलाय मी, तरी जागचा हलत नाहीये.

बाबा : नाही हलणार. पायाने आवळते ती.

ताई : तो पाना खाली ठेव. ठेव आधी! आता दांड्यावरच्या धुळीकडे बघ.

बाळ्या : काय आहे?

ताई : बोटं. पायाची पाच बोटं उमटलीत. अनवाणी. तुझ्या पायात बूट आहेत, माझ्या पायात बूट आहेत. बाबांना मोजे मीच घातलेत सकाळी.

बाळ्या : ताई, चल, गाडीत बस आधी.

ताई : आई? आई, तू आहेस का गं इथे?

बाळ्या : नको हाक मारूस! कोणी ओ दिली म्हणजे?

बाबा : घाबरतोस काय वेड्या, आई आहे तुझी. पळत आलीय मागून. एवढ्या उन्हात. दम लागलाय तिला.

ताई : बाबा, काय म्हणतेय ती?

बाबा : काही नाही म्हणत. तिने तिचा नट लावला. आता तुमच्याकडे बघतेय, कुठे निघालात म्हणून.

ताई : मी येते बाळ्या, घरी राहायला. रात्रीची किल्ली माझ्या उशाखाली ठेवू. तुझ्या बायकोला मी सांगते. तू एकटा नाहीस.

बाळ्या : चार दिवस राहशील आणि जाशील.

ताई : नाही जाणार. तिच्यासमोर बोलतेय मी हे. खोटं कसं बोलेन?

बाळ्या : बाबा... बाबा, माझं चुकलं. उठा. घरी जाऊ. फोटो होता तिथेच लावतो, संध्याकाळच्या आत. तेवढा नट लावा ना.

बाबा : घरी ना? नक्की?

बाळ्या : नक्की. धरा पाना. मी हात लावू?

बाबा : नको. माझा मी लावतो.

ताई : लागला, बाबा. बसला नीट. आता चला, इथे एक मिनिट थांबवत नाही मला. फोटो माझ्याकडे द्या.

बाळ्या : बसलात सगळे? ताई, मागे बघू नकोस आणि मलाही बघायला लावू नकोस. वळवतो इथूनच.

बाबा : थांब. निघायची घाई करू नकोस. तिला बसू दे.

ताई : थांब रे बाळ्या. थांब ना जरा.

बाळ्या : थांबलोय. माझा पाय क्लचवरून हलत नाहीये.

ताई : बाळ्या, समोर बघ. तो लाल दिवा विझला.

बाबा : घरी जायचं म्हटल्यावर लावलं हो तिने दार.