अंबूबाईंचं उप्पीट

हॅलो? … हो, साक्षीच बोलतेय. आवाज बसलाय जरा… नाही गं, सर्दी नाही.

पल्लवी, ऐक ना, आधी मला बोलू दे. माझ्या वॉर्डातल्या आजी बऱ्या आहेत. … हो! आत्ता बघून आले. उठून बसल्यात आणि शेजारच्या बाईला मेंढरांच्या गोष्टी सांगतायत.

ग्रुपवर काय आलं? … 'सांगलीत साक्षीच्या वॉर्डात पेशंट गेली'? कुणी लिहिलं ते? धन्य आहे बाई तुमची! साताऱ्यात बसून इथल्या बातम्या आमच्या आधी तुम्हाला. कुणी गेलं-बिलं नाही. … हां, जाऊ शकल्या असत्या. ते मात्र खरं.

थांब, जिन्यात येते. इथं भिंतीला कान आहेत. … हं, आता बोल.

नाही गं, चुकीचं इंजेक्शन नाही. इंजेक्शन बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर. … मग काय? सांगतेय की! तू मध्ये मध्ये बोलू नको.

अंबूबाई म्हणून आजी आहेत. कवठे महांकाळच्या तिकडच्या, धनगराच्या. … पायाला. बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली, आणि तपासलं तर साखर चारशे. चार दिवस माझ्याकडं आहेत, पण एकदा म्हणून घंटी वाजवली नाही. पाणी लागलं तर आपल्या आपण लंगडत जातात. मी रागावले, तर म्हणे, "तुमास्नी कशाला तरास."

हो, इन्सुलिनवर. सकाळी नाष्ट्याच्या वेळेला इंजेक्शन, नेहमीचंच. आज नाष्टाच जरा आधी आला. मी गेले तर उप्पिटाची ताटली रिकामी. चाटूनपुसून लख्ख. विचारलं, "आजी, झालं का खाऊन?" "झालं की, बाय." दिलं इंजेक्शन, केली चार्टवर खूण, गेले पुढच्या खाटेला. बावीस पेशंट आणि आम्ही दोघी.

अगं, तेच तर! खाल्लंच नव्हतं!

कणसुद्धा नाही. पाऊण तासानं शेजारची बाई ओरडली, "सिस्टर, म्हातारी कायबी बोलाय लागलीया!" पळाले. घामानं लुगडं भिजलेलं, हात गारढोण. डोळे उघडे, पण ओळख नाही. मला 'हिरा, हिरा' म्हणत होत्या. … लेक नाही. मेंढी. नंतर कळलं. हसू नको! आत्ता हसू येतंय, तेव्हा नाही. साखर किती असेल, सांग. … खाली. … अजून खाली. … एकेचाळीस.

हो, लगेच. शिरेतून ग्लुकोज. डॉक्टर वॉर्डातच होते, नशीब माझं. पंधरा मिनिटांनी ब्याण्णव. आणि तोंडातून पहिला शब्द काय निघावा? "बाय, तू का रडतीस?"

… रडत होते की. … नाही गं, नोकरीसाठी नाही. पक्की व्हायला महिना राहिलाय, माहितेय मला. पण तेव्हा ते डोक्यातसुद्धा आलं नाही. माझ्या हातून माणूस जातंय, एवढंच दिसत होतं. खूप घाबरले होते, पल्लवी. लय.

उप्पीट? हां, उप्पीट कुठं गेलं ते ऐक. व्याही आलेले! लेकीचे सासरे, यल्लाप्पा. जतच्या पलीकडून, पहिल्या एसटीनं. खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मी पाहिलं की त्यांना! मिशीला रवा चिकटलेला, तोही पाहिला. मनात म्हटलं, आजोबांनी खाली टपरीवर खाल्लेलं दिसतंय. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

छे, त्यांना कशाला शिव्या देतेस? त्या बिचाऱ्याला काय ठाऊक इंजेक्शन-बिंजेक्शन. तो तर खाली तोंड घालून बसलाय तेव्हापासून. आणि आजींचं तरी काय चुकलं? लेकीचा सासरा समोर उपाशी आणि ह्या त्याच्यादेखत खाणार? तुझी आई खाईल? … मग!

विचारलं ना. जरा तरतरी आल्यावर मीच विचारलं. तावातच होते. "आजी, खाल्लं नव्हतं तर झालं म्हणून का सांगितलंत?" तर माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जशी मीच खुळी. म्हणाल्या, "आगं, तू एकदाच इचारलंस न्हवं?"

… मलाही नाही कळलं. मग समजावून सांगितलं मला, लहान पोरीला सांगावं तसं. "व्याह्यास्नी इचारलं, तर खाऊन आलोय म्हनले. परत इचारलं, तर पोट भरलंय म्हनले. मग ताटली हातातच दिली, तवा खाल्लं. एकदा इचारल्याव कोन म्हनंल, मी उपाशी हाय म्हनून? मानसाला काय रीतभात हाय का न्हाई?"

… हो ना! आष्ट्याला आमच्या घरी कुणी आलं आणि चहा नको म्हणालं, तर आई ऐकते का? आधण आधी ठेवते आणि मग विचारते. आलेल्याच्या 'नको'ला कोण धरतं? त्याच घरात वाढले की मी. पण युनिफॉर्म चढवला की घरचं सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवते बघ. कागदावर प्रश्न आहे, विचारला. उत्तर आलं, लिहिलं. संपलं.

रिपोर्ट? लिहावाच लागला. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "पेशंटनं खोटी माहिती दिली असं लिही, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही." … माझ्या भल्यासाठीच म्हणत होत्या गं. आणि तुला खोटं कशाला सांगू, लिहायला घेतलं मी तसं. 'पेशंटनं' एवढं लिहिलं आणि पुढं हातच चालेना. खोटं कुठं बोलल्या त्या? मान राखून बोलल्या. मीच ते खरं धरून चार्टवर चढवलं. फाडला कागद.

… वेडी तर वेडी. मी लिहिलं, एकदाच विचारलं, खाताना पाहिलं नाही, पाहुणे बसलेले दिसले पण त्यांची चौकशी केली नाही. केली सही आणि गेले मेट्रनकडं.

अगं, दोनदा वाचलं त्यांनी. मग काय केलं असेल? फोन उचलला आणि कँटीनला सांगितलं, "उद्यापासून इन्सुलिनच्या पेशंटकडं सकाळी कुणी आलेलं असलं तर त्याची ताटली आधी पाठवायची." खरंच! आणि चार्टवरचं 'नाष्टा झाला का' खोडून तिथं लिहिलं, 'खाताना पाहिलं'. सही त्यांची.

… विचारलं मी, चाचरत. "मॅडम, माझ्या पक्कं होण्याचं…?" तर म्हणाल्या, "झालं ते जसंच्या तसं लिहिणाऱ्या किती जणी आहेत माझ्याकडं? जा वॉर्डात. आणि पुन्हा असं झालं तर मात्र बघ." … हो! सुटले, पल्लवी! इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, जिन्यातच बसले मटकन. ह्याच पायरीवर.

चल, वॉर्डात जाते आता. नको, ठेवू नको, चालता चालता बोलते. … तुमच्या वॉर्डात पाटणच्या बाजूच्या बायका येतात ना, त्यांनाही असंच… एक मिनिट हं, आजी हाक मारतायत.

काय आजी? … हो, झालं की माझं जेवण. … मघाशीच.

हं पल्लवी, काय म्हणत होते… आं? काय आजी? … काय जेवले? … ते… आपलं… भाजी-चपाती. … कसली भाजी?

अगं पल्लवी, पकडलं मला म्हातारीनं! … नाही जेवले गं, सकाळपासून चहावरच आहे. पण तोंडातून आपोआपच निघालं बघ.

नको आजी, खरंच नको. ती व्याह्यांनी तुमच्यासाठी आणलीय भाकरी. … अहो, भूक नाही मला. … नको म्हटलं ना… आजी, अहो… बरं. बरं, घेते. पण निम्मी तुम्ही खायची. माझ्यासमोर. मी बघणार.

पल्लवी, ठेवते गं. भाकरी हातातच दिलीय.