सहावा नारळ

तुळिंजच्या बाजारात नारळवाल्यापुढे माझ्या आधी एक सासू-सून उभ्या होत्या.

“वसुंधरा, पाच घेतले तर स्वस्त देतोय. आठवड्याचं वाटण आजच करून टाकू!”

“आई, एवढं ठेवायचं कुठे? आपल्याकडे फ्रिज नाही.”

“वरच्या फर्नांडिसबाईंनी एक कप्पा दिलाय. त्यांचंही वाटण आपणच करायचं.”

“आणि एवढे नारळ खवणार कोण?”

“तुझा नवरा. लसूण त्याचे बाबा सोलतील. दोघांना सांगून आलेय.”

“मग मी काय करू?”

“तू साडीला इस्त्री कर. उद्या नोकरीचा पहिला दिवस ना! भाऊ, पाच फोडून द्या, सहावा तसाच द्या.”

“सहावा कशाला?”

“उद्या तू निघताना देवापुढे वाढवायला.”

“नारळ तर बाबा वाढवतात ना?”

“उद्याचा मी वाढवणार!”