रकान्यात न मावणारा प्रश्न

— नाही, तुमच्या या नव्या फॉर्मला मंजुरीची सही मी करणार नाही, आणि ते पेन असं नाकासमोर धरून उभे राहू नका, मला घाई केलेली खपत नाही. बसा. अहो, बसा म्हणते ना! तुम्ही कॉम्प्युटरवाले, मी या दवाखान्यातली सिस्टर, तुमचं-माझं भांडण कशावरून? एका प्रश्नावरून. प्रश्न लांब आहे — मान्य! रकान्यात मावत नाही — तेही मान्य! म्हणून तुम्ही त्याला छोटं नाव दिलंत, 'घरी त्रास'. द्या की! डॉक्टरांच्या यादीत तेवढं पुरे, त्यांना एका नजरेत दिसायला हवं, एवढं कळतं मला. पण तेच दोन शब्द तुम्ही पेशंटच्या हातात देतो त्या टॅबवरही ठेवलेत — 'घरी त्रास? हो, नाही' — आणि झालं काय? सगळ्या बायका 'नाही'! गालावर वळ घेऊन आलेलीसुद्धा 'नाही'! आणि परवा तुमचे साहेब मीटिंगमध्ये सांगतात, घरचा त्रास कमी झालाय म्हणे. जीव जळतो हो ऐकून.

का म्हणतात 'नाही'? 'आमचे जरा तापट आहेत' — याला त्रास म्हणायचं, हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. म्हणून तर प्रश्न लांब! 'गेल्या वर्षात घरातल्या कोणी — नवरा, सासरचे, मुलगा, कोणीही — तुम्हाला मारलं, ढकललं किंवा खोलीत कोंडलं का?' 'मारलं' वाचून बाई नाही म्हणून मान हलवते, 'ढकललं'पाशी तिचं बोट अडतं, बघितलंय मी. मग तिचं उत्तर कशाला असतं — तुमच्या छोट्या नावाला? छे! विचारलेल्या प्रश्नाला. तो शब्दन् शब्द उत्तरासोबत राहायला नको?

आणि 'मुलगा' कशाला, असं मघाशी विचारलंत ना? तो माझ्या हट्टामुळे आला. नवऱ्याबद्दल बाई एखाद्या मैत्रिणीपाशी तरी बोलते, पोटच्या पोराबद्दल कुणापाशी बोलणार? आपल्याच हातचं जेवून उठतो आणि — तसा वाईट नाही हो, नोकरी गेल्यापासून डोकं फिरतं त्याचं, आणि ढकलतो म्हणजे काय, मीच वाटेत — बाईच वाटेत उभी असते. पेशंटचं सांगतेय मी. हात? कपाटाचं दार लागलं. तुम्ही स्क्रीनकडे बघा.

झालं? इतक्यात? यादीत छोटं नाव आणि पेशंटपुढे पूर्ण प्रश्न — हे असं जमत होतं, तर इतके दिवस माझं डोकं का खाल्लंत! बघू. चाचणी घ्यायची — मी? बरं, खोटं नाव चालेल ना? आणि नंतर पुसता येईल? नक्की? द्या इकडे. 'गेल्या वर्षात घरातल्या कोणी' — अक्षर बरं आलंय — 'नवरा', ते बिचारे कधीच गेले, 'सासरचे', छे, कुणी उरलंय कुठे, 'मुलगा' —

तुम्ही जरा बाहेर थांबा. नाही, काही झालं नाही. जा म्हणते ना. दार ओढून घ्या.